एवढ्याशा ‘टू’ने केलेला घात

आज दिवसभर अमेरिकेतल्या पेटंट अपिलांचे जुने निकाल वाचत होते. डोळे चुरचुरतायत, पण शेफ अमेरिका विरुद्ध लॅम्ब-वेस्टन काही डोक्यातून जात नाही.

२००४ चा निकाल. पेटंट होतं पिठाचा गोळा भाजण्याच्या पद्धतीवर. क्लेममध्ये (पेटंटचा हक्क नेमका कशावर, हे सांगणाऱ्या वाक्यात) लिहिलेलं, गोळा ४०० ते ८५० अंश फॅरनहाइट तापमाना‘पर्यंत’ तापवायचा. इंग्रजीतला ‘टू’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘ॲट’ असावं, म्हणजे तेवढं तापमान ओव्हनचं. कारण गोळाच एवढा तापला तर हाती कोळसा येणार! फेडरल सर्किटला, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाला, हे दिसत होतं. तरी कोर्ट म्हणालं, शब्द स्पष्ट आहे, तुमचा क्लेम आम्ही नव्याने लिहून देणार नाही. पेटंटवाले हरले.

आधी रागच आला. मग मी गेल्या आठवड्यात लिहिलेला पेटंटचा मसुदा उघडला आणि राग कुठल्या कुठे गेला.

२००५ च्या फिलिप्स निकालात त्याच कोर्टाचं पूर्ण पीठ बसलं (पिठानंतर पीठ, योगायोग हो). वाद ‘बॅफल’ (वाट अडवणारी किंवा वळवणारी पट्टी) या शब्दाचा. भिंतीच्या आतले पोलादी बॅफल गोळी परतवायला तिरकेच हवेत, की काटकोनातलेही चालतील? कोर्ट म्हणालं, चालतील. आणि अर्थ लावताना शब्दकोशापेक्षा स्पेसिफिकेशनला, म्हणजे पेटंटमधल्या शोधाच्या वर्णनाला, जास्त वजन द्या. हे मला पटतं. शब्दकोशाला काय माहीत, संशोधकाने काय बनवलंय!

माझ्या मसुद्यात ‘टू’ तीन ठिकाणी आहे. त्यातल्या एकाबद्दल आत्ताच धाकधूक वाटतेय.