मेरापी ज्वालामुखी, योग्याकार्ता: जीप टूर करावी का?

इंडोनेशिया म्हटलं की आपली मंडळी बाली करून परत येतात, आम्ही मात्र जावा बेटावर योग्याकार्ताला गेलो, मुख्य म्हणजे बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू मंदिरं बघायला, आणि मेरापीला एक सकाळ ठेवली होती. ट्रिपमधलं सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं ते मेरापीच.

आधीच सांगतो, टूरचं नाव 'लाव्हा टूर' असलं तरी लाल लाव्हा बघायला मिळेल म्हणून जाऊ नका. दिसतं ते २०१० च्या उद्रेकाने काय केलं ते. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो पातळ होता, लांबवर पसरत गेला, थरावर थर बसले. मेरापीचं तसं नाही. जावाच्या दक्षिणेला समुद्राखालची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, बेटाखाली घुसतेय, तिच्यासोबत गेलेल्या पाण्यामुळे खोलवरचा खडक वितळतो आणि वर येतो तो चिकट, गॅसने भरलेला मॅग्मा. तो वाहत नाही, तोंडाशीच घुमटासारखा साचतो आणि घुमट ढासळला की राख, गॅस आणि दगडांचा शेकडो अंश तापलेला लोट नदीच्या पात्रातून खाली सुटतो. पळून वाचणं शक्यच नाही.

२५ ऑक्टोबर २०१० ला सर्वात वरचा इशारा दिला, दुसऱ्याच दिवशी पहिला उद्रेक. त्यात किनाहरेजो गावात म्बाह मारिजान गेले, योग्याकार्ताच्या सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार, त्यांनी गाव सोडायला नकार दिला होता. सगळ्यात मोठा दणका ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर, लोट गेंडोल नदीतून सुमारे १५ किमी खाली आला. एकूण साडेतीनशेच्या वर माणसं गेली, पण साडेतीन लाखांहून जास्त लोकांना हलवलं होतं, नाहीतर आकडा कुठच्या कुठे गेला असता. बोरोबुदूरवरही राख पडली होती, ती आम्लधर्मी म्हणून दगड खराब होऊ नयेत यासाठी हाताने साफ करावी लागली.

टूरमध्ये एका जळालेल्या घराचंच छोटं म्युझियम केलंय, तिथे वेळ काढा. मोटरसायकलचा नुसता सांगाडा, गुरांची हाडं, वितळून वाकडी झालेली भांडी, आणि भिंतीवर मध्यरात्रीनंतर लगेच बंद पडलेलं घड्याळ. ड्रायव्हर पाच मिनिटांत चला चला करतो, ऐकू नका. पुढचा चेहऱ्यासारखा दिसणारा दगड फोटोपुरता ठीक आहे. कालिआदेमचा बंकर, उद्रेकात आसरा घ्यायला बांधलेला, मात्र बघाच, २००६ ला आत लपलेले दोघं त्यातच गेले, बाहेरून लोट येऊन तोंड बुजलं. आत गेल्यावर आपोआप आवाज बारीक होतो.

आता कामाचं. पहाटे निघा, नऊ-दहानंतर शिखर ढगात जातं. मे ते सप्टेंबर कोरडे महिने बरे, पावसाळ्यात साचलेली राख पाण्यासोबत चिखलाचा लोंढा होऊन उतरते, तेव्हा नदीपात्राच्या जवळ कोणी कितीही आग्रह केला तरी जायचं नाही. शिखरावर चढाई बंद आहे, २०२० पासून इशाऱ्याची तिसरी पातळी आहे, चारातली. 'ओळखीने नेतो' म्हणणारे भेटतील, त्यांना हात जोडा. निघण्याआधी 'मॅग्मा इंडोनेशिया' ॲपवर पातळी बघून घ्या. जीपचा दर माणशी नसून गाडीला असतो, चौघं मिळून गेलात तर परवडतं, कुठे कुठे थांबणार ते आधीच ठरवा. मास्क हवाच, धूळ बेक्कार उडते. कंबरदुखीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी जीपच्या नादी लागू नये, हाडं खिळखिळी होतात.

शाकाहारी असाल तर गुदेग मिळेल, कच्च्या फणसाची गोडसर भाजी, पण सोबत अंडं-चिकन येतं, आधी सांगा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू सगळीकडे. आणि हो, शेवटी बऱ्याच जीपा नदीच्या पाण्यात घालून गोल फिरवतात, सगळे चिंब, त्यामुळे फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि कपड्यांचा एक जादा जोड जवळ ठेवा.