तुम्ही विचारलंत म्हणून: ती कुत्री अजून का ठेवली आहे?

"इतक्या कोंबड्या मारल्या, तरी ती कुत्री ठेवलीत?" पाहुणे विचारतात, कोंबड्यांच्या आजारपणासाठी फोन करणारे जाता जाता विचारतात. शिकारी जातीचं पिल्लू घ्यायचं मनात पक्कं करून फक्त माझ्या होकारासाठी थांबलेले तर हमखास विचारतात. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं असतं: "एकदा रक्ताची चटक लागली की सुटत नाही हो."

आधी या चटकेचं बघू. माझी कुत्री चंदी खुराड्यात शिरली त्या दिवशी तिनं एकही कोंबडी खाल्ली नाही. चाटलीसुद्धा नाही. कुत्र्याची शिकार ही कामांची साखळी असते: दिसणं, रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडून खाणं. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही साखळी सोयीप्रमाणे कुठे ताणली, कुठे तोडली. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात रोखून पाहणं आणि पाठलाग राखला, चावा दाबून टाकला. पॉइंटर जातीचा कुत्रा सावजासमोर थबकतो, रिट्रीव्हर जातीचा मेलेला पक्षी न चिरडता आणून देतो. कळपाची राखण करणाऱ्या चांगल्या कुत्र्यात ही साखळी सहसा पूर्ण होतच नाही. चंदी नजरेनं शिकार करणाऱ्यांपैकी आहे, लांब पाय आणि खोल छाती असलेली. अशा कुत्र्याला धावणं हेच बक्षीस असतं. भरल्या पोटीही ती धावेल. म्हणून "पोटभर खायला घाला, मग नाही मारणार" या सल्ल्याचा मला काही उपयोग नव्हता.

आता तो दिवस. बाहेरचं दार एका पाहुण्यानं लोटलं, कडी घातली नाही. त्यांना दोष देऊन झाला आहे, पुन्हा देत नाही. मी पोचले तेव्हा काही कोंबड्या पडल्या होत्या आणि चंदी अजून काम करत होती. मला दुसरा शब्द सुचत नाही. तोंडातली कोंबडी फडफडायची थांबली की ती तिथेच टाकायची आणि जी फडफडत असेल तिच्याकडे वळायची. चेहऱ्यावर राग नव्हता, शेपटी सैल होती. खोक्यात अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी जागची हलली नाही. चंदी तिच्या अगदी जवळून दोनदा गेली आणि तिला नाकही लावलं नाही.

गळपट्टा धरून चंदीला बाहेर काढलं, बांधलं. मग कोपऱ्यातला ढीग उपसला. घाबरलेल्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. तळाशी असलेल्यांच्या अंगावर दाताची एकही खूण नव्हती, त्या गुदमरून गेल्या होत्या. म्हणजे मेलेल्यांपैकी कितीतरी चंदीनं चावल्याच नव्हत्या. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी कुत्रीची वकिली करते आहे. करतेही असेन. पण खुराड्याचे कोपरे मी त्यानंतर जाळीची तिरकी पट्टी लावून बोथट केले, ते या ढिगामुळेच.

एका तलंगेच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीच्या, मानेखाली हात लावला तर कातडी कुरकुरली. दात पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशवीपर्यंत गेला की हवा कातडीखाली शिरते. वरून भोक बारीक दिसतं, आत सगळं फाटलेलं असतं, म्हणून चावलेल्या कोंबडीच्या बाबतीत "एवढंसं तर लागलंय" म्हणू नये. तिला मिठाच्या कोमट पाण्यानं धुतलं आणि उबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटीला ठेवलं, कारण लाल जखम दिसली की बाकीच्या टोचून टोचून मारतात. पशुवैद्यांनी हवा काढली, प्रतिजैविक दिलं. ती वाचली. दुसरीचं पोट उघडं पडलं होतं आणि ती शुद्धीवर होती. डॉक्टर येईपर्यंत तिला तसंच ठेवणं मला जमलं नसतं. त्या संध्याकाळची शेवटची कोंबडी मी मारली, माझ्या हातानं. याबद्दल मला कुणीही कधी विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले. मेलेली कोंबडी कुत्रीच्या गळ्यात बांधा, कुजेपर्यंत. कोंबडी समोर धरून झोडा. हे सांगणारी माणसं दुष्ट नाहीत, त्यांच्या घरी असंच होत आलं आहे. पण काही सेकंदांनंतर दिलेली शिक्षा कुत्रं आपल्या कृतीशी जोडत नाही. समोर जे आहे त्याच्याशी, बहुतेक वेळा मालकाशी, जोडतं. गळ्यातलं कुजणारं कलेवर म्हणजे त्याच्यासाठी फक्त वास, आणि कुत्र्याला वासाचं वावडं कधीपासून? शिवाय फडफडणारी कोंबडी आणि गळ्यात लटकलेली कोंबडी या त्याच्या लेखी एकच वस्तू आहेत, असं आपण परस्पर गृहीत धरतो.

"पण गरजेपेक्षा जास्त मारते म्हणजे विकृतीच ना?" नाही. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञानं १९७२ साली यावरच लिहिलं. गच्च अंधाऱ्या रात्री कुरव (गल) पक्षी जमिनीवरून उडत नाहीत, तेव्हा कोल्हे त्यांना खाण्याच्या गरजेपलीकडे मारत सुटतात. जंगलात पहिलं सावज पकडेपर्यंत बाकीचे पळालेले असतात. बंद खुराड्यात पळायला जागा नसते, आणि ते खुराडं आपण बांधलेलं असतं.

एवढी बाजू मांडून झाल्यावर खरं सांगते, माझं उत्तर पुरं पडत नाही. चंदी येण्याआधी एका बाईंना मी स्वतः सांगितलं होतं, "पक्षी असतील तिथे असलं कुत्रं नको, देऊन टाका." त्या रडल्या होत्या. ती आधीची मी आजही माझ्याशी वाद घालते: तुझं कुत्रीवर प्रेम आहे, धोका मात्र कोंबड्यांनी पत्करायचा? मी म्हणते, आता दोन दारं केली आहेत. षटकोनी बारीक तारेची जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला अडवत नाही, म्हणून ती काढून जाड वेल्डेड जाळी लावली आहे. खालून उकरू नये म्हणून जाळीचा फूटभर पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवा गाडला आहे. कुंपणावरून उडू नयेत म्हणून कोंबड्यांच्या एकाच पंखाची मोठी पिसं कापते, तोल जातो आणि त्या उडत नाहीत. चंदी अंगणात दोरीशिवाय कधीच नसते. ती आधीची मी म्हणते, त्या दिवशीही दार होतंच की.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. चंदीला दुसऱ्या घरी दिलं तर तिथेही कुणाचे तरी पक्षी, मांजरं असणार, एवढं मी म्हणू शकते, आणि हे उत्तर कमी, पळवाट जास्त आहे हेही मला दिसतं.

पिल्लू घेणाऱ्यांसाठी: तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला ओळखीचं होतं, तेव्हा कोंबड्या दाखवा, दोरीला धरून, शांत राहिलं की पिल्लाला बक्षिसाचा खाऊ देत. त्यानं फरक पडतो. पण कोंबडी ओळखीची झाली तरी फडफडून पळाली की काय होईल, याची हमी मी घेत नाही. कोण घेत असेल तर त्यांची जाळी बघून या.

आणि बघायला यायचं असेल तर या. पहिलं दार मागे लावा, कडी ओढून बघा, मगच दुसऱ्याला हात लावा. मी मागे उभी राहून बघणार आहे, राग मानू नका.