बकशॉटची नोंदवही: नववा महिना

बकशॉटची, म्हणजे जाड छर्‍यांची काडतुसं साठवणीत कशी टिकतात हे बघायला ठेवलेला डबा नवव्या महिन्यात उघडेन असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. उघडला. आणि ज्या गोष्टीची धास्ती होती ती झालीच नाही, भलतीच झाली.

नव्या वाचकांसाठी मांडणी थोडक्यात. पाच ब्रँडची बारा बोअरची, ७० मिलिमीटरची डबल-ओ (हे छर्‍याच्या मापाचं नाव) काडतुसं. यातला एकेक छर्रा साधारण ८.४ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेतीन ग्रॅम वजनाचा, काडतुसात आठ किंवा नऊ. ब्रिटिश पद्धतीच्या खोक्यावर याच मापाला एसजी म्हणतात. प्रत्येक ब्रँडची काही काडतुसं मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात, उघड्या कपाटात ठेवली. काही रबरी गॅस्केटच्या लोखंडी डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. आणि प्रत्येकी एक काडतूस मोडीत निघालेल्या पंपगनच्या सुट्या मॅगझीन नळीत, म्हणजे काडतुसं भरून ठेवायच्या नळीत, स्प्रिंगच्या दाबाखाली. अख्खी बंदूक नऊ महिने भरलेली ठेवायची माझी तयारी नव्हती, म्हणून नुसती नळी. सगळं अर्थात कुलपात.

पहिल्यांदा कपाट. एक खोकं उचललं तर तळातून पांढरे बारीक दाणे टेबलावर सांडले. वाटलं, सिलिकाची पुडी फुटली. पण कपाटात सिलिका ठेवलाच नव्हता! भिंग घेऊन बघितलं तेव्हा कळलं: हा बफर. छर्‍यांच्या मधल्या फटींत प्लॅस्टिकची भुकटी भरतात, म्हणजे बार उडताना शिसं शिशावर दाबून चेपत नाही आणि छर्रे गोल राहून सरळ जातात. या ब्रँडच्या दोन काडतुसांच्या तोंडाची घडी, म्हणजे क्रिम्प, मधोमध नीट मिटलीच नव्हती. टाचणी सहज जाईल एवढं भोक. खोकं नऊ महिन्यांत जितक्या वेळा हललं तितक्या वेळा चिमूटभर भुकटी बाहेर. जिथून भुकटी बाहेर येते तिथून दमट हवा आत जाणार, हे सांगायला नको. ब्रँडचं नाव लिहीत नाही. दोन काडतुसांवरून कारखान्याला नावं ठेवणं बरं नव्हे. पण आता नवं खोकं आणलं की पहिलं काम एकच, दिव्याखाली प्रत्येक क्रिम्प बघायची. सहा किंवा आठ पाकळ्या, सगळ्या एका पातळीत, मधे भोक नाही. वीस सेकंदांचं काम आहे.

दुसरं बूड, म्हणजे काडतुसाच्या मागची धातूची टोपी. सोनेरी दिसतं म्हणून पितळच असेल असं नाही. लोहचुंबक लावला तर पाचांपैकी तीन ब्रँडना चिकटला, म्हणजे वर पितळेचा मुलामा आणि आत पोलाद. पोलाद वाईट असं मी म्हणत नाही, उडवायला काहीच फरक नाही. साठवणीला मात्र आहे. मुलामा ओरखडला की तिथे गंज धरतो, आणि गंज धरला तो बरोब्बर कडेखाली, जिथे पुठ्ठा घासतो. पुठ्ठा ओल धरून ठेवतो हे त्याचं कारण. खर्‍या पितळेचं बूड काळवंडलं, एवढंच. पितळेचा शत्रू वेगळा: चामडं. जुन्या चामडी पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवलेल्या काडतुसांवर तो हिरवा, मेणासारखा थर ज्यांनी नखाने खरवडला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पट्टा मिरवायला ठीक, साठवायला नाही.

लोखंडी डब्यातली सगळी जशीच्या तशी निघाली. एक चूक मात्र पहिल्या महिन्यातच केली होती: डबा बंद केला तो भर दमट दिवशी. आतली ओल आतच कोंडली आणि सिलिकाचा रंग आठवड्यात बदलला. पुड्या ओव्हनमध्ये तापवून, दाणे सुकवून परत ठेवल्या आणि कोरड्या दिवशी डबा पुन्हा बंद केला, तेव्हा आतल्या आर्द्रतामापकाचा काटा पंचेचाळीस टक्क्यांवर स्थिरावला. थंडाव्यापेक्षाही तापमान सारखं वरखाली न होणं महत्त्वाचं वाटतं. गार डबा गरम दमट हवेत उघडला तर बुडावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. म्हणून डबा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग उघडायचा. आणि गंज दिसला म्हणून तेलाचा फवारा कधीच मारायचा नाही. पातळ तेल प्रायमरच्या, म्हणजे बुडातल्या बार पेटवणार्‍या टिकलीच्या, कडेने आत झिरपून प्रायमर निकामी करू शकतं. कोरडं फडकं पुरे.

आता ती भलती गोष्ट. मला भीती होती ओलीची, मार दिला स्प्रिंगने. मॅगझीन नळीतली पाच काडतुसं बाहेर काढली आणि कॅलिपर लावला. दोन ब्रँडची लांबी जवळपास एक मिलिमीटरने कमी, आणि प्लॅस्टिकचं कवच बुडाच्या जरा वर पोटासारखं सुटलेलं. बोटाने फिरवलं तरी कळतं. चेंबर गेजमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या मापाच्या साच्यात, एक अडकत अडकत गेलं, दुसरं गेलंच नाही. बाकी तिघांना काही झालं नव्हतं. त्यांचं कवच दाबून बघितलं तर जाड आणि ताठ. ओल, उष्णता, गंज सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यातल्यांनी सोसलं, आणि बाद झाली ती घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागेतली. नळी जे कायम भरून ठेवतात त्यांनी काडतुसं दर काही आठवड्यांनी काढून, मापून, बदलावीत.

पॅटर्नचं, म्हणजे कागदावर छर्रे किती पसरतात त्याचं, थोडक्यात, कारण त्यावर आधी भरपूर लिहिलंय. रेंजवर वीस मीटरवरून, सिलिंडर बोअरमधून, म्हणजे तोंडाशी न आवळलेल्या बॅरलमधून. साधी वाड (दारू आणि छर्‍यांमधली प्लॅस्टिकची वाटी) असलेल्यांचा पसारा अर्धा मीटर, म्हणजे यार्डामागे इंचभर या जुन्या हिशेबाला धरूनच. फेडरलची फ्लाइटकंट्रोल वाड असलेल्यांचा पसारा तळहाताएवढा. तिच्या पाकळ्या मागच्या बाजूला उघडून वाडला ब्रेक लावतात आणि छर्रे पुढून एकत्र निघतात. हॉर्नडीची व्हर्साटाइट त्याच जातीची. वेग मात्र बघून घ्या: फ्लाइटकंट्रोलचं नऊ छर्‍यांचं काडतूस सेकंदाला ११४५ फुटांचं, हॉर्नडीचं आठांचं १६०० फुटांचं. खांद्याला फरक लगेच कळतो. नऊ छर्‍यांतला एक बाकीच्यांना सोडून भटकतो ही तक्रार माझ्या कागदावरही दिसली, पाचांपैकी दोन वेळा. म्हणून माझा कौल आठांना.

एक सवय या नऊ महिन्यांत लागली. काडतुसं डब्यात ओतायची तर खोक्याची लॉट नंबरवाली चिठ्ठी कापून सोबत टाकायची. कंपनीने कधी एखादा लॉट परत मागवला तर नंबराशिवाय तुमच्याजवळ नुसती लाल नळकांडी उरतात. आणि वीस बोअरची काडतुसं त्या डब्यात चुकूनही नाहीत. ती बाराच्या बंदुकीच्या नळीत (बॅरलमध्ये) घसरून पुढे अडकतात, चेंबर रिकामा दिसतो, मागून बाराचं काडतूस भरलं की नळी फुटते. वीसचं कवच पिवळं करतात ते यासाठीच.

फुगलेल्या दोघांवर आणि भुकटी गळणार्‍या दोघांवर लाल मार्करने फुली मारली आहे, पुढच्या फेरीत रेंजच्या बाद पेटीत जातील. नळीत आता तीन ताठ कवचांच्या ब्रँडची नवी काडतुसं भरली आहेत, लांबी दशांश दोनपर्यंत लिहून. यावेळी दर महिन्याला मोजणार.