लेअरच्या खाद्यात तेल मिसळताना : माझा अनुभव

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात माझे पाच हजार लेअरचे, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचे, शेड आहे आणि खाद्य मी पाचशे किलोच्या मिक्सरमध्ये घरीच तयार करतो. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा एरवी दिवसाला ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ९५ ग्रॅमवर आली आणि अंडीही लहान पडू लागली. तेलात मक्याच्या अडीचपटींहून अधिक ऊर्जा असते, ते पचवताना शरीरात उष्णता कमी निर्माण होते आणि सोयाबीन तेलातील लिनोलेइक आम्लाने अंड्याचे वजन वाढण्यास मदत होते; म्हणून प्रत्येक बॅचमधून दहा किलो मका कमी करून तेवढेच सोयाबीन तेल, म्हणजे दोन टक्के, घालायचे मी ठरवले.

पहिल्या दिवशी मी डबा सरळ मिक्सरमध्ये उपडा केला. सुपारीएवढ्या गोळ्या झाल्या, त्यातली एक फोडून पाहिली तर प्रीमिक्सची (जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणाची) पिवळी पूड आत तशीच कोरडी अडकलेली. त्यानंतर सगळा कोरडा माल आधी पूर्ण मिसळून घ्यायचा, मग भोके पाडलेल्या नळीतून तेलाची बारीक धार चार-पाच मिनिटे सोडायची आणि पुन्हा तेवढाच वेळ मिक्सर चालवायचा, अशी पद्धत बसवली. धूळ इतकी कमी झाली की खाद्य टाकणाऱ्या बाईंनी तोंडाला फडके बांधणे सोडून दिले.

मध्येच स्वस्ताचा मोह झाला. एका व्यापाऱ्याने दिलेल्या तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता, तरी मी ते वापरले, आणि संध्याकाळी फीडरमध्ये खाद्य तसेच उरलेले पाहून उरलेला डबा परत केला. खवट तेल खाद्यातील ई जीवनसत्त्वही नासवते, हे मला ठाऊक असायला हवे होते.

अंडी सुधारली, पण तिसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये तडकलेली अंडी वाढली आणि मी दोष तेलाला दिला. पशुवैद्यांनी मात्र आधी कॅल्शियमचा हिशेब मांडायला लावला. खाद्यात ३.६ टक्के कॅल्शियम होते. ९५ ग्रॅममधून कोंबडीला जेमतेम ३.४ ग्रॅम मिळत होते, गरज साधारण ४ ग्रॅमची. त्यात धापा टाकल्याने कवच आणखी पातळ होते, आणि अंडे मोठे झाले तरी त्यावर चढणारे कवच तेवढेच राहते. मी ऊर्जा वाढवली होती, पण कमी खाण्याच्या प्रमाणात बाकीचे घटक वाढवलेच नव्हते. शिंपल्याचा जाड चुरा वाढवून कॅल्शियम ४.१ टक्क्यांवर नेले, खाद्याचा मोठा वाटा संध्याकाळी देऊ लागलो, आणि अंडी तडकणे हळूहळू आटोक्यात आले.

पावसाळा लागल्यावर तेल एक टक्क्यावर आणले. मिक्सरच्या पात्यांना चिकटलेला थर मात्र आठवड्यातून एकदा खरवडून काढावाच लागतो, आणि शेवटी दहा किलो कोंडा फिरवून तो पुढच्या बॅचमध्ये वापरतो.