निळ्या कागदातली साखर

मोरोक्कोतल्या माराकेशला जाऊन आलेला माणूस निळ्या रंगाचे फोटो दाखवल्याशिवाय राहत नाही. जाक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराने १९३७ साली आपल्या बागेतली चित्रशाळा त्या गडद निळ्यात रंगवली. पुढे १९८० मध्ये फॅशनवाल्या ईव्ह सँ लॉराँने आणि त्याच्या जोडीदाराने ती बाग विकत घेतली. आता तिकिटाला रांग असते. बाग सुंदर आहे, नाही कोण म्हणतो!

पण माझ्या डोक्यात बसला आहे तो दुसराच निळा. दुपारच्या उन्हातून सावली शोधत एका गालिचेवाल्याच्या दुकानात शिरलो. (गालिचा घ्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं, त्यालाही ते दिसलंच असणार.) त्याने चहा मांडला. निळ्या-जांभळ्या कागदातून साखरेचा हातभर उंच, पांढरा सुळका काढला आणि छोट्या हातोडीने ठक्कन एक कपची उडवली.

मी एकदम आजीच्या माजघरात. गुळाची ढेप, बत्त्याचा तो दबका आवाज, आणि उडणाऱ्या खड्यांवर टपलेली आम्ही चिल्लीपिल्ली. खडा जमिनीवर पडला की तो आपला, असा अलिखित कायदा होता. आजी काही खडे मुद्दाम लांब उडवायची, असा माझा अजून संशय आहे. चमच्याने मोजून घ्यायच्या साखरेत ही मजा नाही.

चिनी हिरव्या चहाच्या बारीक गोळ्या, पुदिन्याची जुडी आणि वर ती कपची. पहिला पेला पुन्हा किटलीतच ओतायचा, मग हात उंच नेऊन फेसाळ धार सोडायची. तिथे ‘बिनसाखरेचा’ म्हणायची माझी काही हिंमत झाली नाही.

साखरेचा रुबाब तिथे जुना आहे. सोळाव्या शतकात माराकेशच्या एल बदी राजवाड्यासाठी इटलीचा संगमरवर आला, तो साखरेच्या बदल्यात, वजनाला वजन, असं सांगतात. साखरेतून राजवाडे उभे राहतात, हे आपल्या पश्चिम महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पुढे फ्रेंच अमदानीत, १९२९ साली, मार्सेयच्या साखरवाल्यांनी कासाब्लांकात कारखाना काढला. फ्रेंच गेले, सुळका राहिला. त्याच्यासाठी मात्र कोणी रांग लावून फोटो काढत नाही.

लग्न ठरलं की हे सुळके भेट म्हणून नेतात. आणि कोणी गेलं, तरीही नेतात. हे ऐकून मी जरा गप्पच झालो. आपल्याकडे गोड जेवायला तेरा दिवस थांबायचं असतं. तिथे भेटायला येणाराच काखेत साखर घेऊन येतो. घरातल्यांना रडू आवरत नसतं, पण आल्यागेल्याला चहा तर द्यावाच लागतो.