खड्डा

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेसहाला पोरींच्या सॉफ्टबॉलसाठी ग्राउंडवर. जळगावकडची थंडी, चेंडू हातात दगडासारखा लागतो. सातवीतल्या आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणारीने, आज २५ चेंडू टाकले, त्यातले ११ बॅटिंगवालीच्या मागे बसलेल्या कॅचरपर्यंत धड पोचले. बाकीचे उजव्या हाताने बॅटिंग करणारीच्या बरगड्यांकडे. बॅटिंगला उभी राहायला कुणी तयार नाही. मी तीन आठवडे एकच घोकतोय, "मनगट बेटा, मनगट." मनगट आता माझ्यापेक्षा तिचं चांगलं झालंय. चेंडू तिकडेच जातो.

निघताना पाहिलं, तिच्या उजव्या हाताला कोपराच्या खाली काळंनिळं. म्हणाली, "हात मांडीवर आपटतो सर." हे तिने इतके दिवस सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

५ डिसेंबर, गुरुवार

हात मांडीवर आपटतो म्हणजे मांडी हाताच्या वाटेत येतेय. एवढं कळायला मला दोन रात्री लागल्या.

पोरींना मी विंडमिल पिच, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू टाकणं, शिकवतो ती गोफणीवरून. ज्वारीच्या दाण्यांवर पाखरं येतात तेव्हा गोफण फिरवणारा म्हातारा बघा, नुसता हात नाही फिरवत. दगड सुटायच्या क्षणी पुढचा पाय रोवतो. इथेही तसंच. उजवा पाय प्लेटला, म्हणजे पिचर जिथून टाकते त्या पट्टीला, रेटा देतो, डावा लांब पडतो, आणि डावा टेकला की तिथे घट्ट थांबायचं. अंगाचा वेग त्या पायाशी अडतो आणि हातातून चेंडूत जातो. त्या क्षणी डाव्या पायावर अंगाच्या वजनाहून जास्त भार येतो, म्हणून गुडघा जरासा वाकलेला हवा, पण मोडायला नको. पंजाही थेट समोर, बॅटिंगवालीजवळच्या होम प्लेटकडे नको, किंचित उजवीकडे, तिसऱ्या बेसकडे वळलेला हवा. म्हणजे कंबर आधी बाजूला उघडते आणि चेंडू सुटताना मिटते.

हे सगळं पाठ आहे मला. तरी तीन आठवडे मनगट.

सायंकाळी मोबाइलवर तिचे जुने व्हिडिओ हळू करून बघितले. सगळे बाजूने काढलेले. बाजूने काय दिसतं? पाऊल लांब पडतंय, छान. कंबरेतून फार पुढे वाकते, तेही दिसलं, आणि त्याचं कारण मीच. ती खो-खोची पोर. मी "झेप घे" म्हणालो आणि तिने खो-खोतली झेप घेतली, डोकं आधी, पाय मागून. पिचरचं डोकं दोन पायांच्या मधोमध राहायला हवं. उद्यापासून "झेप" हा शब्द बंद.

७ डिसेंबर, शनिवार

आज सेकंड बेसवर उभा राहून मागून व्हिडिओ काढला. प्लेटच्या मधोमधून होम प्लेटपर्यंत सुतळी ताणली, तिच्यावर फक्की मारली, सुतळी काढून घेतली. अंतर ३५ फूट. मोठ्या पोरींच्या ४३ वरून तिला आत्ताच टाकायला लावणं मला पटत नाही, कुणी काही म्हणो.

दहा चेंडू. नऊ वेळा डावा पाय रेषा ओलांडून उजवीकडे पडला, वीतभर तरी. म्हणजे दारात स्वतःच आडवं उभं राहायचं आणि मग त्याच दारातून हात बाहेर काढायचा. कंबर मिटायला जागा नाही. हात एक तर मांडीवर आपटणार, नाही तर वळसा घेणार. चेंडू बरगड्यांकडे जाईल नाही तर काय.

तिला व्हिडिओ दाखवला. "रेषेवर पाय टाक." दोनदा टाकला, तिसऱ्यांदा पुन्हा उजवीकडे. माझा आवाज चढला. तेव्हा खाली बघत म्हणाली, "सर, तठे खड्डा शे ना."

मी जाऊन पाहिलं. दहावीची आमची मोठी पिचर तीन वर्षं याच प्लेटवरून टाकतेय. तिचा पाय जिथे पडतो तिथे, रेषेवर आणि जरा डावीकडे, चांगला टोपलीएवढा खड्डा. त्याची अलीकडची कड बरोबर या छोटीच्या पावलाखाली येते. पावसाळ्यात तिथेच तिचा पाय मुरगळला होता. तेव्हा बर्फ मीच लावला होता.

घरी आल्यावर कुणाशी बोललो नाही फारसं. बायकोने भरीत केलं होतं, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

८ डिसेंबर, रविवार

शिपाईमामा आणि मी. नुसती काळी माती भरली असती तर उन्हाळ्यात भेगा पडल्या असत्या, म्हणून खाली मुरूम, वर माती, पाणी मारून धुम्मसने ठोकलं. प्लेटसमोर उजवा पाय घासतो तिथेही खळगा झाला होता, तोही भरला.

१० डिसेंबर, मंगळवार

आज चेंडू कुठे जातो ते बघायचंच नाही, असं तिला सांगितलं. चेंडू टाकायचा आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आवाज होईपर्यंत डाव्या पायावर लंगडी. बस. पुढे वाकून टाकलं की लंगडी टिकत नाही, तोल जातो. पाय आडवा पडला तरी टिकत नाही. मला ओरडावं लागत नाही, लंगडीच सांगते. दहाव्या-बाराव्या चेंडूनंतर तिची तीच हसायला लागली.

उजव्या बुटाकडेही आज नीट पाहिलं. कॅनव्हास वरून, नाडीच्या बाजूला फाटलाय. पाऊल पार उलथं पडून घासत होतं. अंगठ्याची आतली बाजू झिजायला हवी. चांभाराकडून तिथे टायरचं ठिगळ शिवून घे म्हटलं. आई चिडते म्हणाली, दोन महिन्यांत दुसरा जोड.

पोरींना गप्पांत उएनोची गोष्ट सांगितली. जपानची पिचर, २००८ चं बीजिंग ऑलिंपिक, दोन दिवसांत ४१३ चेंडू आणि शेवटी अमेरिकेला हरवून सुवर्ण. नुसत्या हाताने टाकले असते तर खांदा उरला नसता. छोटी लगेच, "मी पण टाकू?" म्हटलं, तू ४० टाक आणि घरी जा.

१४ डिसेंबर, शनिवार

२५ पैकी १७. बरगड्यांकडे दोनच. वेग मात्र कमी झालाय, तो सध्या कमीच राहू दे. हाताचं काळंनिळं पिवळं पडत चाललंय. मुद्दाम चुना न मारलेल्या जागेवरून टाकायला लावलं तर पाय पुन्हा थोडा उजवीकडे जातो. पायाला अजून तो खड्डा आठवतो.

दहावीची पिचर चार दिवस चाचणी परीक्षेला होती, आज आली. पहिलाच चेंडू कॅचरमागच्या जाळीवर, दुसरा जमिनीत. प्लेटवरून उतरली, पुढे जाऊन पायाने माती चाचपली आणि माझ्याकडे वळली.

"सर, माझा खड्डा कोणी बुजवला?"