जुनं थिएटर वाचवायचंय? आधी छप्पर बघा

सांगलीतल्या जुन्या एकपडदा थिएटरसाठी वर्गणी काढायची, तर पावती पुस्तक छापण्याआधी मालकाशी लेखी करार करा. नाहीतर दुरुस्ती लोकांच्या पैशातून होते आणि जागा बिल्डरकडे जाते.

पहिला पैसा छपराला. लाकडी कैचीचं (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचं) टोक भिंतीत बसतं तिथेच पन्हळीचं पाणी मुरतं. वरून रंग शाबूत, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला की भुसा गळतो. पडदा, खुर्च्या नंतर. २०१९ चा महापूर आठवा आणि मेन स्विच उंचावर घ्या.

खुर्चीमागे ५,००० रुपये धरले, तर ४०० खुर्च्यांचे २० लाख होतात. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, खातं दोन सह्यांचं. ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारी मंजुरी, असली तरी २,००० च्या वर रोख दिल्यास करसवलत मिळत नाही. देणगीदाराला हे आधीच सांगा.